नानांचा गाळ

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासरी नाशिकला गेलो, तेव्हा जावयाचं काय काय कौतुक होईल याचे माझे काही अंदाज होते. हलव्याचा हार, गुळाची पोळी, तीवर तूप. ते सगळं रीतसर झालं. पण त्याच रात्री, म्हणजे पहाटे चारला, कुणीतरी माझ्या अंगावरची गोधडी हळूच ओढली आणि कानाशी कुजबुजलं, "जावईबापू, उठा. चक्रवाक आलेत."

झोपेत मला ते पाहुण्यांचं आडनाव वाटलं. मी विचारलं, "एवढ्या पहाटे? कुठून आले?"

"लडाखकडून," सासरे म्हणाले. "काही तिबेटातूनही असतील."

त्या एका प्रश्नाने त्यांचा माझ्याबद्दल जो गैरसमज झाला, तो आजतागायत आहे. जावयाला पक्ष्यांची गोडी आहे, हे त्यांनी त्या पहाटे ठरवून टाकलं. चौदा वर्षं झाली. दर हिवाळ्यात माझी गोधडी ओढली जाते.

आमच्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून चिकटले, उभा जन्म गोदावरीच्या कालव्यांवर मोटारसायकल फिरवली, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी डबा घेऊन पुन्हा नांदूर मध्यमेश्वरला गेले. फक्त या वेळी बंधाऱ्याच्या पुढे न बघता मागे बघायला. 'पक्षी बघायला जातो' असं ते म्हणत नाहीत. ते 'पाहणीला' जातात.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे इंग्रजांनी 1907 ते 1913 या काळात बंधारा बांधला. वरून दारणेचं, पुढे गंगापूरचंही पाणी यायचं, इथे अडायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे निघून जायचं. पाण्याबरोबर गाळ यायचा. पाणी गेलं, गाळ राहिला. वर्षानुवर्षं राहिला. त्याची बेटं झाली, बेटांवर पाणकणीस आणि लव्हाळे माजले, उथळ पाण्यात शेवाळ धरलं, आणि उत्तरेकडच्या बदकांना हिवाळ्यात उतरायला जागा झाली. 1986 मध्ये अभयारण्य झालं. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. नाना म्हणत नाहीत. "भरतपूरला राजस्थानचं नांदूर म्हणा की!"

पाहणीचे नियम आहेत. पहिला, कपड्यांचा. आदल्या रात्री नाना सगळ्यांचे कपडे पलंगावर मांडायला लावतात आणि कालव्याच्या कामाचं मोजमाप घ्यावं तसे त्यांच्याभोवती फिरतात. मातकट, राखी, शेवाळी चालतो. माझ्या मेव्हण्याने एकदा लाल जाकीट काढलं, तर नाना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "तू पक्षी बघायला येतोयस की पक्ष्यांना दिसायला?" शेवटी त्याने माईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, जुनी करडी शाल पांघरली आणि दिवसभर कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, पक्ष्यांनीही नाही.

दुसरा नियम कुजबुजीचा. पाण्याच्या काठी हळू बोलावं हे कुणीही मान्य करेल. पण नाना घरातून निघतानाच आवाज उतरवतात. गाडीच्या काचा बंद, आजूबाजूला ऊस भरलेले ट्रॅक्टर धडधडतायत, आणि मागच्या सीटवरून नाना घोगऱ्या कुजबुजीत सांगतात, "डावीकडे घ्या." मी "काय?" म्हणून ओरडतो. ते तोंडावर बोट ठेवतात. एव्हाना आम्ही सायखेडा सोडून पुढे गेलेलो असतो. दिवाळीपासून होळीपर्यंत ते घरातही कुजबुजतात असं माई म्हणतात. "कान गेले की काय म्हणून मी डॉक्टरकडे जाऊन आले हो."

थंडीबद्दल बोलायचं नाही, हा तिसरा. निफाडची थंडी ज्यांनी भोगली नाही त्यांना सांगून उपयोग नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाचाखाली गेला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, द्राक्षबागायतदार बागांमधून शेकोट्या पेटवतात, आणि नाना खुशीत येतात. "उत्तरेत बर्फ वाढलं असणार. आवक वाढेल."

आवक हा त्यांचा शब्द. नोकरीत असताना कालव्यावरच्या गेजचं रजिस्टर त्यांच्याकडे असायचं. किती क्युसेक आले, किती गेले. निवृत्त झाल्यावर त्यांनी तसंच एक लांबट रजिस्टर बाजारातून आणलं, तांबड्या शाईने रकाने आखले : आवक, जावक, शिल्लक, शेरा. त्यात आता पाण्याऐवजी पक्षी वाहतात. 'थापट्या. आवक 140, जावक निरंक, शिल्लक 140.' 'चमचा. आवक 22. शेरा : चोच डावी-उजवी हलवून गाळ चाळत होते, काम समाधानकारक.' माझ्या पहिल्या पाहणीचं पान मी चोरून वाचलंय. 'चक्रवाक. आवक 6. शेरा : जावई मनोऱ्यावर झोपले होते.'

नानांबरोबर पाण्याकाठच्या निरीक्षण मनोऱ्यावर उभं राहायचं म्हणजे घड्याळ यावं लागतं. पक्षी कुठे आहे हे ते बोटाने दाखवत नाहीत, कारण बोट हललं की पक्षी उडतो. समोरचं पाणी म्हणजे घड्याळाची तबकडी समजायची; नाक बारा वाजता. "दोन वाजता शेकाट्या," नाना कुजबुजतात, आणि लाल काडीसारख्या पायांचा एक काळा-पांढरा पक्षी खरंच उजवीकडे चिखलात उभा असतो. माई पहिल्यांदा बरोबर आल्या, तेव्हा नाना म्हणाले, "नऊ वाजता चमचा." माईंनी पिशवी उघडून डबा चाचपला. "आत्ता सातच वाजलेत. आणि पोह्यांना चमचा लागतोच कशाला?"

या नावांनी घरात काय काय घडवलंय! काळ्या अंगाच्या, कपाळी पांढरा टिळा लावलेल्या एका पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. काही ठिकाणी चांदवा म्हणतात, पण नानांना वारकरीच पसंत. एका पौषात त्यांनी मनोऱ्यावरून माईंना फोन केला आणि कुजबुजले, "अगं, वारकरी आलेत. हजारभर तरी असतील. उद्या आणखी येतील." दुसऱ्या दिवशी पौष वद्य एकादशी, त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा. रस्त्याने दिंड्या चाललेल्याच होत्या. माईंच्या शेजारी बसलेल्या काकूंनी ते ऐकलं आणि त्या तडक उठल्या. संध्याकाळी सोसायटीच्या चार घरांत मिळून नऊ किलो साबुदाणा भिजत पडला होता. नाना घरी आले, सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "साबुदाणा चालणार नाही त्यांना. शेवाळ लागतं." पुढचे दोन दिवस आम्ही सगळे खिचडीच खात होतो. काकू अजून नानांना 'काय हो, वारकरी कसे आहेत?' म्हणून विचारतात आणि नाना दर वेळी आकडा सांगतात.

इंग्रजी नावं त्यांना चालत नाहीत. मोठमोठी नळकांडी गळ्यात अडकवलेली पोरं मनोऱ्यावर येतात आणि "सर, पर्पल स्वॅम्पहेन कुठे मिळेल?" विचारतात. 'मिळेल' हा शब्द नानांच्या डोक्यात जातो. "मिळायला ती काय भाजी आहे? जांभळी पाणकोंबडी. पाणकणसात बघा. जांभळी, लाल चोच, चालताना शेपटी उडवते." पोरं फोटो काढतात, नानांना दाखवतात आणि पुढच्या खेपेला पाणकोंबडी म्हणतात. हळदीकुंकू हे बदकाचं नाव आहे हे ऐकून तर ती लोळायची बाकी राहतात. पण चोच एकदा बघितली की पटतं : बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके, टोकाला हळद. नाव ठेवणारी कुणीतरी बाई असणार, असं माईंचं मत आहे. या एका बाबतीत नाना त्यांच्याशी वाद घालत नाहीत.

साखरपुड्यात मात्र त्यांना बोलू द्यायला नको होतं. माझ्या चुलतमेव्हणीचा साखरपुडा होता, दोन्हीकडची मंडळी ऐसपैस बसली होती, आणि नव्या व्याह्यांनी सहज विचारलं, "सध्या काय चाललंय, नाना?" नानांनी कमळपक्ष्यापासून सुरुवात केली. लांब बोटांचा, कमळाच्या पानांवरून चालणारा देखणा पक्षी. इथवर सगळे माना डोलावत होते. "त्याच्यात मादी अंडी घालून दुसरीकडे निघून जाते," नाना सांगू लागले. "दुसरा नर बघते. अंडी उबवतो नर. पिल्लं सांभाळतो नर. धोका आला की पंखाखाली धरून पळतो तोही नरच." एवढं बोलून त्यांनी नवऱ्या मुलाकडे कौतुकाने बघितलं. विहीणबाईंनी हातातला पेढा खाली ठेवला. लग्न झालं, सुखात आहेत. मुलगी आता बेंगळुरूला नोकरी करते, आणि जावई घरून काम करत बाळाला सांभाळतो. नानांना हे कळलं तेव्हा ते फक्त 'हं' म्हणाले, पण तो 'हं' मी ऐकलाय.

झाडांच्या बाबतीत त्यांचा स्वभाव आणखी कडक होतो. पक्षी परदेशातून आला तर त्याचं स्वागत. झाड परदेशातून आलं तर चौकशी. मी हा भेद एकदा काढून दाखवला. नाना म्हणाले, "पक्षी परत जातो." यावर मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. नदीकाठचा वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ ही त्यांची माणसं. वाळुंज दिसला की गाडी थांबवायची, उतरायचं, बुंध्यावर थाप मारायची आणि पुन्हा बसायचं. लग्नामुंजीत ते पाकीट देत नाहीत, करंजाचं रोप देतात. त्यामुळे नाशिकमधल्या अनेक तिसऱ्या मजल्यांवरच्या बाल्कन्यांत करंज कुंडीत कोंडलेले आहेत. ओल्या चिखलात काटेरी तालिमखाना निळ्याजांभळ्या फुलांनी उभा असतो. त्याला प्रत्येक नव्या पाहुण्याने एकदा तरी हात लावावा असा नानांचा आग्रह असतो. "टोचला? आता विसरणार नाही तुम्ही."

शत्रू दोन. एक जलपर्णी, दक्षिण अमेरिकेतली. फुलं छान दिसतात म्हणून कुणीतरी आणली, आता पाण्यावर अशी गादी घालते की खाली उजेड पोचत नाही. नाना वाकून, काठीने ओढून दर खेपेला चार-दोन उपटतात आणि हिशेब चुकता केल्यासारखे हात झटकतात. दुसरी बेशरम. काठाकाठाने वाढते, गुलाबी फुलते, आणि तिची काडी तोडून फेकली तर जिथे पडते तिथे रुजते. "आमच्या खात्यात असे दोन साहेब होते," नाना म्हणतात. त्यांची नावं त्यांनी कधी सांगितली नाहीत.

एका पावसाळ्यात त्यांनी घरीच पाणथळ करायचं घेतलं. बाल्कनीत माईंचा जुना टब, त्यात बंधाऱ्यावरून आणलेला गाळ, पाणकणसाचे तीन गड्डे, ब्राह्मी, माका. आठ दिवसांत खालच्या मजल्यावरून डासांची तक्रार आली. नानांनी महापालिकेच्या माणसाकडून बाटलीभर गप्पी मासे आणून सोडले. डासांच्या अळ्या संपल्या, तक्रार मिटली. तेव्हा माझा मुलगा, वय वर्षे दहा, टबात डोकावत म्हणाला, "आजोबा, गप्पी तर साउथ अमेरिकेतला ना? जलपर्णीसारखा?" घरात शांतता पसरली. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तो इंग्रजांच्या काळापासून सेवेत आहे," ते म्हणाले. "त्याला कायम करून घेतलंय." स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला, "आणि ठेच्यातली मिरची? तीही पोर्तुगिजांनी आणली म्हणतात. ती कायम की कंत्राटी?" त्या दिवशी नानांनी ठेचा खाल्ला, पण मोजकाच.

2020 साली नांदूर मध्यमेश्वर रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. नानांनी पेढे वाटले. माईंनी देवासमोर दिवा लावून विचारलं, "हे रामसर कुठल्या शाळेवर होते हो?" इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठी रामसर नावाचं गाव आहे, तिथे 1971 मध्ये पाणथळ जागा जपण्याचा करार झाला, म्हणून हे नाव, असं नानांनी पाऊण तास समजावलं. माईंनी सगळं ऐकून घेतलं. पण शेजारच्या काकूंना सांगताना त्या अजूनही म्हणतात, "आमच्या ह्यांच्या बंधाऱ्याला सरांचं नाव दिलंय."

आता गाळाचं सांगायला हवं. नानांची अर्धी नोकरी या गाळाशी भांडण्यात गेली. गाळाने साठवण घटते, गेजवर पातळी दिसते पण पाणी नसतं, टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाण्याची पाळी मिळत नाही आणि तो कालवा निरीक्षकाच्या नावाने शंख करतो. तेव्हा घरात नुसतं 'गाळ' म्हटलं तरी नानांचा आवाज चढायचा, असं माई सांगतात. आज त्याच गाळाबद्दल ते असे बोलतात, जसं कुणी गावाकडच्या जमिनीबद्दल बोलावं. "चिमूटभर घ्या हातात. यात काय नाही? गोगलगाय आहे, किडे आहेत, कंद आहेत. हे ताट आहे, जावईबापू. पाणी म्हणजे फक्त वाढप्या."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या खात्यातला एक तरुण अभियंता घरी आला. गाळ काढण्याबद्दल काही जुने कागद सापडले होते, त्यावर नानांचं मत हवं होतं. नानांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. 'सदर गाळ हा निरुपयोगी असून तो तातडीने व समूळ काढून टाकणे...' ते थांबले. "निरुपयोगी? कोण गाढव आहे हा?" तरुण काही बोलेना. त्याने अदबीने पान उलटलं. खाली नानांची सही होती, लफ्फेदार, त्या काळातल्या शाईची.

पोराने चहा घेतला आणि तो गेला. मला वाटलं आता आपण हसायचं. पण नाना खिडकीशी उभे होते. चांदोरी-सायखेड्याला पूर येतो, घरांत पाणी शिरतं, तेव्हा लोक बंधाऱ्यातल्या गाळाकडेच बोट दाखवतात, आणि त्या लोकांत नानांची मावसबहीण आहे. टेलच्या शेतकऱ्याची पाळी त्यांनी स्वतःच्या हाताने चुकवलेली आहे. "कागदात तसं खोटं काही नव्हतं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. कुजबुजीत नाही, साध्या आवाजात. "तेव्हा मी पाणी मोजत होतो ना." तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही नाही.

हे सगळं मी सोसतो त्याला एक कारण आहे. चापडगावच्या बाजूने मनोऱ्यावर चढावं, धुकं हळूहळू सुटत असावं, पाण्यावर वारकऱ्यांचा काळा गालिचा पसरलेला असावा. टिबुकली बुडी मारते, भलतीकडेच वर येते. मग कुठूनसा दलदल ससाणा येतो, पाणकणसाच्या शेंड्यांवरून संथ तरंगत. आणि एकदम सगळे वारकरी पळत सुटतात. उडत नाहीत, पळतात. पाण्यावरून, पायांनी पाणी थापटत, शेकडोंनी एका बाजूला. रिंगणात टाळकरी धावतात तसे. आवाज पावसासारखा येतो. नाना तेव्हा घड्याळाची वेळ सांगत नाहीत, रजिस्टर उघडत नाहीत. टोपी काढून हातात धरतात. एकदा मी त्यांच्याकडे बघत होतो, तर ते म्हणाले, "इकडे काय बघताय? तिकडे बघा."

गेल्या डिसेंबरात नानांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूळ नको, वारा नको, महिनाभर पाहणी बंद. चौथ्या दिवशी पहाटे चार वाजता मी आपणहून उठलो. कुणीही गोधडी ओढली नव्हती. मला स्वतःचीच काळजी वाटली. मातकट स्वेटर घातला, एकटाच गेलो, मनोऱ्यावर उभा राहिलो आणि फोन लावला.

"बोला," पलीकडून कुजबुज आली. डोळ्यावर पट्टी, घरात पलंगावर, तरी कुजबुज.

"बदकं आहेत, नाना. तीस-पस्तीस."

"कुठली?"

मी बराच वेळ बघितलं. "हळदीकुंकू."

"हळद कुठे?"

"टोकाला."

पलीकडे कागदाचा आवाज झाला. मग माईंचा : "अहो, डॉक्टरांनी लिहायला नको सांगितलंय ना, द्या इकडे, मी लिहिते."

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा रजिस्टर उशाशी होतं. माईंचं गोल, ठळक अक्षर. 'हळदीकुंकू. आवक 34, जावक निरंक, शिल्लक 34. शेरा : नोंद घेणार, जावई (हंगामी).'